मास्तरांचा बिनब्रेकचा प्रवास

मास्तरांच्या उजव्या बुटाचा तळ नेहमी डाव्याच्या आधी झिजायचा. बूट शिवणाऱ्याने एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, तुम्ही एकाच पायाने चालता की काय?"

"चालत नाही रे बाबा, दाबतो," मास्तर म्हणाले.

चौतीस वर्षं ते लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक जादा ब्रेक बसवलेला असतो, आणि मास्तरांचा उजवा पाय सकाळी सहापासून त्या ब्रेकवर तयार असायचा. समोरून सायकल आली, पाय खाली. शिकणाऱ्याने बोलता बोलता मान वळवली, पाय खाली. बँकेतले साहेब, कॉलेजातल्या मुली, निवृत्तीनंतर हौस म्हणून आलेले आजोबा, नवऱ्याशी पैज लावून आलेल्या बायका, अशी काही हजार माणसं त्या गाडीतून शिकून बाहेर पडली. एवढ्या वर्षांत एक फाटक आणि एक दुधाचा कॅन, एवढंच काय ते कामी आलं. माणसाला कधी ओरखडा नाही.

पण या धंद्याने त्यांना एक खोड लावून ठेवली होती. दुसऱ्याने चालवलेल्या वाहनात त्यांना स्वस्थ बसताच यायचं नाही. बसमध्ये पुढच्या सीटच्या दांड्यावर पाय रोवून बसायचे. थोरल्या जावयाच्या गाडीतल्या रबरी चटईला तर त्यांनी दाबून दाबून भोक पाडलं होतं. जावई मोठ्या मनाचा, त्याने मुकाट्याने चटई बदलली. आणि चालत्या गाडीत डुलकी? नाव काढू नका. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण बायकोने त्यांना चालत्या गाडीत साधी जांभई देताना पाहिलं नव्हतं. या बायकोला शिकायला येणारे सगळे काकू म्हणायचे, म्हणून आपणही काकूच म्हणू. काकू शाळेच्या वाचनालयातून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, परदेशातल्या धाकट्या लेकीकडे जायचं.

लेकीने तिकिटं पाठवली तेव्हा मास्तरांचं पहिलं वाक्य होतं, "विमानात आपण बसायचं कुठे?"

"कुठे म्हणजे? सीटवर."

"ते कळलं गं. पुढचं दिसतं का तिथून?"

"नाही दिसत," काकू म्हणाल्या. "पुढचं बघायला दुसरी माणसं ठेवली आहेत त्यांनी."

मास्तरांना ते पटलं नाही, पण लेकीला नाही म्हणायची त्यांची प्राज्ञा नव्हती. तिकिटांत एक गोम होती. सरळ जाणारं विमान मिळालं नव्हतं. वाटेत एका परक्या शहरात उतरायचं, आठ-साडेआठ तास काढायचे आणि संध्याकाळी दुसरं विमान धरायचं. तेवढा वेळ शहरात फिरून यायची परवानगी लेकीने काढून ठेवली होती. "विमानतळावरच बसून राहू," मास्तर म्हणाले. काकूंनी फोन उघडला आणि मास्तरांच्या जुन्या विद्यार्थ्यांचा जो गट होता त्यावर आपल्या प्रवासाची तारीख टाकली. दहा मिनिटांत उत्तर आलं. "काकू, मी त्याच शहरात असते! मास्तरांना सांगा, बेडकी घ्यायला येतेय."

बेडकी म्हटल्यावर मास्तर खुर्चीत सरसावून बसले. मास्तरांची विद्यार्थ्यांना टोपणनावं ठेवायची जुनी सवय. ही मुलगी वीस वर्षांपूर्वी शिकायला आली होती, नर्सिंगचा अभ्यास करणारी, हडकुळी, हात थरथरणारी. क्लच असा काही सोडायची, की गाडी टुणटुण उड्या मारत पुढे जायची. म्हणून बेडकी. तीन वेळा परीक्षेत नापास झाली. घरचे म्हणाले, आता पुरे. मास्तर म्हणाले, अजून एकदा. चौथ्या वेळी पास झाली, पुढे परदेशी गेली, आणि मग मास्तरांना तिची खबर नव्हती.

"ती गाडी घेऊन येणार?" मास्तरांनी विचारलं.

"नाही, पाठुंगळी घेऊन जाणार तुम्हाला," काकू म्हणाल्या.

निघायच्या दिवशी सकाळी सातला विमान सुटलं. काकूंनी खिडकी पटकावली होती. मास्तरांनी पट्टा बांधला, मग काकूंचा पट्टा ओढून पाहिला, मग पलीकडच्या अनोळखी गृहस्थाच्या पट्ट्याकडे बघून पसंतीची मान हलवली. विमान धावायला लागलं तसा त्यांचा उजवा पाय आपोआप पुढच्या सीटखाली गेला आणि त्यांनी दाबलं. जोर वाढत गेला तसं आणखी दाबलं. विमान जमिनीवरून सुटलं त्या क्षणी तर ते जवळजवळ उभेच राहिले होते.

"अहो," काकू खिडकीतून नजर न काढता म्हणाल्या, "माझी पिशवी आहे खाली."

"मग?"

"त्यात बिस्किटं होती."

"होती म्हणजे?"

"दाबा, दाबा. आता पीठच झालंय."

थोड्या वेळाने विमान सरळ झालं आणि पाणी घेऊन हवाईसुंदरी आली. नशिबाने ती आपली भाषा बोलणारी होती. मास्तरांनी घसा साफ केला. "बाई, एक विचारू? चालवणारे किती वर्षं चालवताहेत?"

काकूंनी कपाळावर हात मारला. पण मुलगी हसली नाही. "एकोणीस वर्षं, काका."

"आणि त्यांच्या शेजारी दुसरे बसतात ना?"

"हो, बसतात."

"मग त्यांच्याकडेही ब्रेक असतो का?"

"दोघांकडेही सगळं सारखंच असतं. एकाने करायचं, दुसऱ्याने लक्ष ठेवायचं."

मास्तरांचा चेहरा असा खुलला, की पलीकडचे गृहस्थसुद्धा वळून बघायला लागले. "ऐकलंस?" ते काकूंना म्हणाले. "म्हणजे आपल्यासारखंच की!" त्यानंतर त्यांचा पाय थोडा सैल पडला. पुरता नाही, विमान ढगांत जरा हललं की तो पुन्हा खाली जायचाच. पण बिस्किटांत आता दाबण्यासारखं काही उरलं नव्हतं.

परक्या शहरात ते उतरले तेव्हा तिथे सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीतल्या अधिकाऱ्याने पासपोर्ट उलटेपालटे केले, काहीतरी विचारलं. मास्तरांना वाटलं, आता लायसन्स मागणार, आणि त्यांचा हात खिशाकडे गेलासुद्धा. काकूंनी वाचनालयातल्या इंग्रजीत दोन वाक्यं सांगितली, शिक्का पडला, आणि काचेचं दार आपोआप बाजूला झालं.

बाहेर कठड्यापाशी माणसं नावांच्या पाट्या घेऊन उभी होती. त्यांत एका पाटीवर नाव नव्हतंच. पांढऱ्या पुठ्ठ्यावर लाल रंगात एकच मोठं 'एल' अक्षर होतं, शिकाऊ गाडीवर असतं तसं. पाटीमागे चाळिशी ओलांडलेली, अंगाने भरलेली, कानशिलाशी पांढऱ्या बटा आलेली बाई उभी होती. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिने काकूंना मिठी मारली, आणि मास्तरांसमोर आली तेव्हा मात्र हात सरळ खाली सोडून उभी राहिली, परीक्षेच्या दिवशी उभी राहायची तशी.

"ओळखलंत का मास्तर?"

"क्लच कसा आहे?" मास्तर म्हणाले.

तिचं ठीकठाक चाललं होतं. ती त्या शहरात घरोघरी जाऊन आजारी म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायची. कुणाची जखम धुवायची, कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाला नुसतं उठवून चार पावलं चालवायचं. दिवसाला आठ-नऊ घरं. "माझी नोकरीच गाडीवर आहे," ती म्हणाली. तिची गाडी छोटी, निळी होती. मागच्या सीटवर बँडेजचे खोके होते आणि घडी घातलेला एक वॉकर, ते काकूंना बसायला जागा व्हावी म्हणून तिने डिकीत टाकलं. तेवढ्यात मास्तर गाडीला एक फेरी घालून चारही टायर बघून आले.

"दर सोमवारी हवा बघते," तिने न विचारताच सांगितलं.

मास्तर सवयीने डावीकडच्या दाराशी गेले आणि दार उघडतात तो समोर स्टिअरिंग. तिथे सगळं उलटं होतं, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायच्या. ते वळसा घालून उजवीकडे आले, बसले, आणि खाली बघितलं. स्वच्छ, सपाट चटई. ना क्लच, ना ब्रेक. मास्तरांनी दोन्ही पाय जवळ घेतले.

तिने सीट सारखी केली. पट्टा लावला. मग मोठ्याने, जणू ते अजून गावातल्या सिमेंटच्या गोदामामागच्या, मास्तरांच्या शिकवायच्या मैदानावरच होते, म्हणाली, "आरसा, आरसा, खांदा." आधी मधला आरसा, मग बाजूचा, मग खांद्यावरून मागे नजर. हे मास्तरांचेच शब्द होते. गाडी निघाली. उडी नाही, हिसका नाही. पाण्यातून होडी सुटावी तशी सुटली.

पहिल्या मोठ्या चौकात चहूकडून गाड्या गोल फिरत होत्या, त्याही उलट्या. मास्तरांचा जीव टांगणीला लागला आणि पाय खाली गेला.

"मास्तर, दाबलंत ना?" तिने समोर बघतच विचारलं.

"छे."

"मला आवाज आला."

मागून काकू खुदकन हसल्या. "चटई बदलावी लागेल गं तुला."

पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच. आणि त्याच्या पुढे, एक मुलगा चेंडूमागे पदपथाच्या कडेला धावत आला तेव्हाही. पण तेव्हा मास्तरांच्या ध्यानात एक गोष्ट आली. त्यांचा पाय खाली पोचायच्या आतच गाडीचा वेग उतरलेला होता. त्यांनी मुद्दाम लक्ष ठेवलं. समोर बस थांबण्याच्या बेतात होती. त्यांनी मनात 'आता' म्हटलं, आणि गाडी त्या 'आता'च्या अर्धा क्षण आधीच सावकाश झाली होती. एक म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडायच्या विचारात होती, अजून विचारातच होती, तोवर हिने गाडी थांबवून हाताने तिला 'या' म्हटलं होतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मास्तर चूक शोधत होते, आणि चूक काही सापडत नव्हती. पाय चटईवर आला, पण दाबायचं विसरला.

काचेतून सौम्य ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं. गाडीत ऊब होती. मागून काकू आणि चालवता चालवता ती, दोघी कुठल्याशा पुलाबद्दल बोलत होत्या. मास्तरांना 'पूल' हा शब्द ऐकू आला, त्यानंतरचं काही नाही.

जाग आली तेव्हा गाडी एका अरुंद गल्लीत उभी होती. चालकाची सीट रिकामी. समोर कपडे धुण्याचं दुकान होतं आणि त्याच्या काचेआड पांढऱ्या चादरी गरगर फिरत होत्या. शिडीवर चढलेला एक माणूस दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या पुसत शीळ घालत होता. कुणीतरी मास्तरांच्या मानेखाली गुंडाळलेला स्वेटर सरकवून ठेवला होता. मागच्या सीटवर काकू पाय लांब करून आइस्क्रीम खात होत्या.

"कुठे आलो आपण?" मास्तर दचकून म्हणाले.

"तिचे एक पेशंट आजोबा आहेत वर, आज सुट्टी असली तरी त्यांचं बँडेज तेवढं बदलायला गेलीय. येईल एवढ्यात."

"आणि शहर?"

"झालं बघून."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. पाऊण वाजता कधीतरी त्यांचा डोळा लागला असावा, आता साडेतीन व्हायला आले होते. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, मग उठवायचं नाही का मला?"

"मी म्हटलं तिला, उठवते. तर ती म्हणाली, नको काकू. मग एका चौकात ती गाडीपाशी थांबली, मी उतरून बघून आले. पुढच्या ठिकाणीही तसंच. नदीकाठी तर तुम्ही घोरत होता. एका पोलिसाने काचेतून वाकून बघितलं, बरे आहात ना म्हणून."

"पोलिसाने?"

"तिने सांगितलं त्याला, हे माझे गाडी शिकवणारे मास्तर आहेत. तो हसला आणि हळूच निघून गेला." काकूंनी आइस्क्रीमचा शेवटचा घास घेतला. "अडतीस वर्षांत पहिल्यांदा झोपलात तुम्ही चालत्या गाडीत. मी काय, मूर्ख आहे उठवायला?"

मास्तरांना लाज वाटत होती आणि त्याच वेळी अंग इतकं हलकं वाटत होतं, की त्याचं काय करावं ते कळेना. मान दुखत नव्हती. उजवी पोटरी, जी रोज संध्याकाळी दगडासारखी व्हायची, तीही मऊ पडली होती. त्यांनी ती चाचपून पाहिली.

तेवढ्यात ती जिना उतरून आली. हात पुसत गाडीत बसली आणि मास्तर जागे झालेले बघून म्हणाली, "झाली का झोप?"

"तुला राग नाही ना आला? तू आमच्यासाठी सुट्टी काढलीस, आणि मी…"

"राग?" तिने चावी लावली, पण गाडी सुरू केली नाही. "मास्तर, तुम्हाला तो चढ आठवतो?"

"कुठला? चढ काय एक होता?"

"पाण्याच्या टाकीजवळचा. तिसऱ्यांदा नापास झाल्यावर तुम्ही मला तिथे नेलंत. मागे ट्रक उभा होता. मी घाबरून सगळंच सोडलं आणि गाडी मागे घरंगळायला लागली. तुम्ही ब्रेक दाबलात. मी रडायला लागले. मग तुम्ही बूट काढलेत, दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घातलीत, मांडीवर पेपर पसरलात आणि म्हणालात, आता माझ्याकडे ब्रेक नाही. आता फक्त तुझ्याकडे आहे."

"असं म्हणालो मी?"

"म्हणालात. आणि पेपर वाचायला लागलात. मला वाटलं, हा माणूस माझ्या भरवशावर पेपर वाचतोय! आणि मी चढवली गाडी. नंतर पुष्कळ वेळा अडले मी, इथे आल्यावर तर रोजच. प्रत्येक वेळी तो पेपर डोळ्यांसमोर यायचा."

मास्तरांनी समोरच्या दुकानातल्या फिरत्या चादरींकडे बघितलं. मग म्हणाले, "एक सांगू? पेपरखाली माझा हात हँडब्रेकवर होता."

मागे काकूंचा आइस्क्रीमचा कागद कुरकुरला.

"काय?" ती म्हणाली.

"घट्ट धरून होतो. मागे ट्रक होता गं. तुझा भरवसा होता, पण ट्रकचा नव्हता."

ती आ वासून त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. स्टिअरिंगवर डोकं टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. शिडीवरच्या माणसाची शीळ थांबली आणि तो खाली डोकावून बघायला लागला. "वीस वर्षं," ती म्हणाली, "वीस वर्षं मी जगाला सांगत फिरतेय, की माझ्या मास्तरांनी माझ्यावर सगळं सोडून दिलं होतं!"

"तेव्हा नाही सोडलं," मास्तर म्हणाले. "आज सोडलं."

हे ते सहज बोलून गेले. पण ती हसायची थांबली, डोळे पुसले आणि नको तेवढा वेळ मधला आरसा सारखा करत बसली.

मग अजून तासभर होता. काकू म्हणाल्या, यांना निदान तो उंच मनोरा तरी दाखवू. मास्तर म्हणाले, मनोरा राहू दे, हिचं घर बघू. तसे ते तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत गेले. खिडकीत कुंड्या होत्या, भिंतीवर पेशंटांच्या वेळांचा तक्ता होता, आणि फ्रिजच्या दारावर तिच्या मुलाने काढलेलं निळ्या गाडीचं चित्र चिकटवलं होतं. नवरा कामावर, मुलगा सहलीला गेलेला. तिने चहा केला, टोस्टवर लोणी लावून दिलं. मास्तरांनी चार टोस्ट खाल्ले. झोपेने भूक लागली होती.

विमानतळाच्या वाटेवर मात्र मास्तर टक्क जागे होते. त्या शहरातला तेवढा एक रस्ता त्यांनी डोळे भरून पाहिला: दुतर्फा झाडं, मधल्या पट्ट्यातून घंटी वाजवत जाणारी ट्राम, सायकलींसाठी आखलेली वेगळी वाट. पाय त्यांनी सीटखाली घडी करून ठेवले होते. उतरताना ती बॅगा काढायला आली. मास्तरांना वाटत होतं, काहीतरी म्हणावं. गेली चौतीस वर्षं ते विद्यार्थ्याला गाडीतून उतरताना काहीतरी म्हणतच आले होते. त्यांनी गाडीभोवती पुन्हा एक फेरी मारली.

"उजवा आरसा बोटभर खाली घे," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

"घेते," ती म्हणाली, आणि तिथल्या तिथे घेतला.

दुसऱ्या विमानात काकूंनी मास्तरांना खिडकीची जागा दिली, पण बाहेर नुसते ढग होते. तेव्हा काकूंनीच त्यांना ते शहर सांगायला घेतलं. वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवण्यात त्यांचा हातखंडा होता; चौकातलं कारंजं, त्यात पाय सोडून बसलेल्या शाळकरी मुली, नदीवर तो लोखंडी पूल, पुलाखालून जाणाऱ्या नावेवर वाळत घातलेले मोजे, सगळं त्यांनी बैजवार सांगितलं. मास्तर मधे मधे विचारत होते, "रुंद होता का पूल? किती गाड्या मावतील? मग?" दोन-अडीच तास ते चाललं. विमान उतरलं आणि लेक विमानतळाच्या दारात घ्यायला आली तेव्हा बाबा थकून आले असतील असं तिला वाटलं होतं. ते आले ते बोलतच आले.

दोन महिन्यांनी मास्तर परतले आणि पुन्हा सकाळी सहाला मैदानावर हजर झाले. शिकायला येणाऱ्यांना मधल्या चहाच्या वेळी ते त्या शहराच्या गोष्टी सांगतात. कारंजं सांगतात, नदीतली नाव सांगतात, वाळत घातलेले मोजेसुद्धा सोडत नाहीत. ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस तिथे चार दिवस पायी हिंडला असणार. काकू चहाचे कप मांडत ऐकत असतात, त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. फक्त परवा एकदा मास्तर रंगात येऊन म्हणाले, "आणि तो पूल, निळाशार!"

"हिरवा," काकू म्हणाल्या.

"हो, हिरवा," मास्तर म्हणाले, आणि पुढे सांगायला लागले.